टायर घ्यायचे ते पावसासाठी

छोट्या गाडीचे टायर बदलायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती किलोमीटर जाईल?" दुकानदार त्याच मापात उत्तर देतो, कंपन्यांच्या जाहिरातीही त्याच मापात बोलतात, आणि लाख किलोमीटरचे दावे करणारे टायर आता अगदी साध्या हॅचबॅकच्या मापातही मिळतात. प्रश्न गैर नाही. पण घरगुती वापराच्या बहुतेक गाड्यांसाठी तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे, आणि त्याला पहिला मान मिळाल्यामुळे लोक जो गुण कधी वापरणारच नाहीत त्यासाठी पैसे मोजतात. ज्याची गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटरच्या आत चालते, त्यानं टायर निवडताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: ओल्या रस्त्यावरची पकड आणि टायरचा ताजेपणा. आयुष्याचे किलोमीटर त्यानंतर. स्वस्तात पडणारी निवडही हीच आहे, आणि ते हिशेबानं दाखवता येतं.

आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातली गाडी नेमकी किती चालते ते पाहा. रोजची ये-जा लोकल, मेट्रो, बस किंवा दुचाकीवर. गाडी निघते ती शनिवार-रविवारी, लग्नकार्याला, दवाखान्यात जायला, गणपतीत आणि उन्हाळ्यात गावाकडे. असा वापर वर्षाला आठ हजार किलोमीटर धरला, तर ऐंशी हजार किलोमीटरचा टायर झिजायला दहा वर्षं लागतील. पण रबर तोपर्यंत थांबत नाही. गाडी उभी असली तरी ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन व ओझोन रबरावर काम करत राहतात. ते कडक होतं, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा पडतात, पकड कमी होते. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी शिल्लक असली तरी काढून टाका. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांचीच मुदत देतात. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि गाड्या भर उन्हात उघड्यावर उभ्या असतात, तिथं सहा वर्षं हाच शहाणपणाचा आकडा आहे. सहा वर्षांत अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर होतील. उरलेले बत्तीस हजार किलोमीटर विकत घेतले, पण वापरता आले नाहीत. शिवाय फसगत अशी की खाचा खोल दिसतात म्हणून टायर "अजून चांगला आहे" असं वाटत राहतं, आणि कडक झालेलं रबर पहिल्या जोरदार सरीपर्यंत आपली खरी स्थिती दाखवत नाही.

जास्त टिकणारा टायर पावसातही चांगला का असू शकत नाही, असं कुणी विचारेल. असू शकतो, पण त्याच किमतीत सहसा नसतो. टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढ्या जागेत. ब्रेक, वळण, भार, सगळं या चार तळहातांवर. ओल्या रस्त्यावर पकड यायची तर रबरानं रस्त्याच्या खडबडीतपणात शिरायला हवं आणि तसं करताना थोडी ऊर्जा खर्चायला हवी. टिकाऊपणासाठी रबर घट्ट लागतं, आणि पेट्रोल वाचवायचं तर फिरताना ऊर्जा कमीत कमी वाया जायला हवी. पकड, टिकाऊपणा आणि इंधनबचत या तिघांची ओढाताण टायर बनवणाऱ्यांना कायमचीच आहे. १९९० च्या दशकात काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरायला सुरुवात झाली आणि ही ओढाताण सैल झाली, संपली मात्र नाही. म्हणूनच एकाच कंपनीच्या यादीत दोन स्वभावाचे टायर दिसतात. सिएटचा मायलेझ टिकाऊपणाच्या नावानं विकला जातो आणि सेक्युराड्राइव्ह पकडीच्या. अपोलोचा अमेझर दीर्घ आयुष्यासाठी, अल्नॅक रस्त्यावरच्या स्थिरतेसाठी. तेव्हा 'कुठली कंपनी' यावर दुकानात अर्धा तास घालवण्यापेक्षा त्याच कंपनीचा 'कुठला टायर' हे विचारणं जास्त उपयोगाचं. ब्रँडवरून वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मॉडेलचं नाव विचारणारे फार थोडे.

इथं 'ऑल-सीझन' या शब्दाचा गैरसमजही दूर करायला हवा, कारण तो आता आपल्याकडच्या जाहिरातींतही शिरला आहे. हा शब्द अमेरिका-कॅनडाकडचा. तिथं उन्हाळ्याचे आणि बर्फाचे टायर वेगळे असतात, कारण तापमान सात अंशांच्या खाली गेलं की उन्हाळी टायरचं रबर ताठरतं. दोन्ही ऋतू एकाच जोडीवर काढायचे तर ऑल-सीझन घेतात. बाजूला 'एम प्लस एस' हे चिखल-बर्फाचं चिन्ह असतं, आणि खरोखर बर्फात परीक्षा झालेल्या टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र. टोरांटो किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी कुटुंबानं ते चित्र जरूर शोधावं, कारण नुसतं 'एम प्लस एस' बर्फातल्या पकडीची हमी देत नाही. महाराष्ट्र-गोव्यात मात्र बर्फासाठी केलेल्या रबराचा काहीच उपयोग नाही. आपले सगळे ऋतू म्हणजे साठ अंशांपर्यंत तापणारं डांबर आणि महाबळेश्वरसारख्या ठिकाणी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस. इथं बनणारे हॅचबॅकचे जवळपास सगळे टायर याच हवामानासाठी असतात. त्यामुळे 'ऑल-सीझन' लिहिलंय म्हणून चार पैसे जास्त देऊ नयेत.

"मी हळू चालवतो, मला पकड कशाला?" हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात. खाचांना झेपेना इतकं पाणी आलं की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही काही काळ निकामी होतात. नासातल्या संशोधनातून १९६० च्या दशकात यासाठी एक सूत्र निघालं. त्यानुसार हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाशी जोडलेला असतो. ३३ पीएसआय हवा असेल तर तरंगण्याचा वेग ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास येतो, २५ पीएसआयला तो ८३ पर्यंत उतरतो. हवा तपासायचा आळस इतका महाग पडू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धी महामार्गावर हे वेग रोजचे आहेत. आणि तरंगणं सोडून द्या, साध्या ब्रेकचं पाहू. ब्रिटनमध्ये झालेल्या चाचण्यांत ताशी ८० किलोमीटर वेगावरून ओल्या रस्त्यावर थांबायला १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेल्या टायरला नव्या टायरपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त अंतर लागलं, आणि गुळगुळीत काँक्रीटवर त्याहूनही अधिक. आपले महामार्ग आणि मुंबईतले रस्ते काँक्रीटचे होत चाललेत, हे इथं लक्षात घ्यायला हवं. आता हा एक तृतीयांश फरक म्हणजे काय? एक गाडी तीस मीटरमध्ये थांबली आणि दुसरीला चाळीस मीटर लागले, तर पहिली थांबते त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी चाळीस असतो. पुढे ट्रकचा मागचा भाग असो की रस्ता ओलांडणारं माणूस, चाळीसच्या वेगानं बसलेला धक्का जिवावर बेततो. हळू चालवणाऱ्याला हे गणित लहान आकड्यांत लागू होतं, पण लागू होतंच. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल, धूळ आणि पाणी एकत्र होऊन जो निसरडा थर बसतो, तो शहरात चाळीस-पन्नासच्या वेगालाही पुरतो.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. चांगल्या पकडीचा टायर समजा नगामागे आठशे रुपयांनी महाग आहे. चारांचे बत्तीसशे. अठ्ठेचाळीस हजार किलोमीटरवर वाटले तर किलोमीटरला सात पैसेसुद्धा होत नाहीत. त्याच अंतराला लिटरमागे अठरा किलोमीटर देणारी गाडी सुमारे २,६७० लिटर पेट्रोल पिते. लिटरला शंभर रुपये धरले तरी दोन लाख सदुसष्ट हजार. म्हणजे टायरमधला फरक पेट्रोलच्या खर्चाच्या सव्वा टक्क्याएवढा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कराशिवाय चार हजारांचा टायर आधी ५,१२० ला पडायचा, आता ४,७२० ला. चार टायरांत सुटलेले हे सोळाशे रुपये चांगला टायर घेण्याकडे वळवले, तर अर्धा फरक तिथंच भरून निघतो. कुणी म्हणेल, पकडीचा टायर पेट्रोल जास्त खातो, त्याचं काय? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ च्या अहवालानुसार टायरचा फिरतानाचा विरोध दहा टक्के बदलला की इंधनखर्चात एक ते दोन टक्क्यांचा फरक पडतो. हे नुकसान पूर्ण पदरात पडलं असं धरलं तरी वरच्या हिशेबात ते वर्षाला साडेचारशे ते नऊशे रुपये होतं, आणि हवा योग्य ठेवली तर त्यातलं बरंचसं परत मिळतं. सहा पावसाळ्यांच्या सुरक्षिततेसाठी ही किंमत मला जास्त वाटत नाही.

आता ही पकड दुकानात ओळखायची कशी? नक्षीकडे बघून कळत नाही, बोटानं दाबून तर मुळीच नाही. टायरच्या बाजूची अक्षरं वाचावी लागतात. आयएसआयचं चिन्ह हवंच, ते २००९ च्या आदेशानं बंधनकारक आहे. भारतात एआयएस-१४२ हे मानकही लागू झालं आहे; त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, फिरतानाचा विरोध आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवलेल्या आहेत. पण ही मर्यादा म्हणजे पास होण्यापुरते गुण. पस्तीस मिळालेला आणि नव्वद मिळालेला, दोघंही पासच. फरक कळण्यासाठी आणखी खुणा शोधाव्या लागतात. काही टायरांवर अमेरिकी पद्धतीची श्रेणी कोरलेली असते: ट्रेडवेअरपुढे तीनशे-चारशेसारखा आकडा, ट्रॅक्शनपुढे एए, ए, बी किंवा सी, आणि टेंपरेचरपुढे ए, बी किंवा सी. यातलं ट्रॅक्शन म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावल्यावरची पकड. ए असावा, बी-सी टाळावा. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही. तोच टायर युरोपात विकला जात असेल तर तिथल्या लेबलवर पकडीची ए ते ई अशी श्रेणी मिळते, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर ती पाहता येते. माप मात्र आपलंच आहे ना हे तपासावं, कारण श्रेणी मापागणिक बदलते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या लेबलवरचे तारे इंधनबचतीचे आहेत. पाच तारे पाहून पावसाची हमी मिळाली असं समजू नये. यातली एकही खूण सापडली नाही, तर दुकानदाराला त्या मॉडेलचं कंपनीचं पत्रक दाखवायला सांगावं आणि त्यात कशाचं कौतुक केलंय ते वाचावं. ज्या टायरच्या पत्रकात फक्त किलोमीटर आहेत, त्याच्याकडून पावसात फार अपेक्षा ठेवू नये.

ताजेपणा ओळखणं त्यामानानं सोपं. टायरच्या बाजूवर डीओटीनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. ही पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते, म्हणून टायर चढवण्याआधीच, तो जमिनीवर उभा असताना, चारही नगांची तारीख पाहून घ्यावी. एकदा रिमवर बसला आणि तारीख आतल्या बाजूला गेली की गाडीखाली वाकून कुणी बघत नाही. सहा महिन्यांच्या आतला टायर उत्तम, वर्षाच्या आतला चालेल. दीड-दोन वर्षं गोदामात पडलेला टायर चांगल्या सवलतीत मिळत असेल तर तो बिघडलेला नसतो हे खरं. पण आपला हिशेब सहा वर्षांचा आहे. त्यातली दोन वर्षं दुकानातच गेली असतील तर किमतीत एक तृतीयांश सूट मिळाली तरच व्यवहार बरोबरीचा. पाच-दहा टक्क्यांच्या सवलतीवर जुना माल घेऊ नये. बिलावर मॉडेल, माप आणि शक्य असल्यास टायरचा क्रमांक लिहून घ्यावा.

मापात बदल करायचा मोह फार जणांना होतो. स्विफ्टच्या खालच्या आवृत्त्यांत येणारं १६५/८० आर १४ ८५टी हे माप घ्या: रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, रेडियल बांधणी, १४ इंची रिम, ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो भार, टी म्हणजे कमाल ताशी १९० किलोमीटर. याच रिमवर १८५/७० बसवला तर व्यास जवळपास तोच राहतो, गाडी भरीव दिसते, कोरड्या रस्त्यावर वळणात बरी वाटते. पण रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, पेट्रोल थोडं जास्त खातो आणि किमतीलाही चढा असतो. ज्यानं पावसासाठी टायर निवडायचं ठरवलं, त्याला कंपनीनं दिलेलं मापच योग्य. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी तर कधीच नको. वापरलेले आणि रिमोल्ड टायर मोटारीसाठी घेऊच नयेत. गोटा झालेल्या टायरला गरम पात्यानं नव्या खाचा पाडून विकतात, ते तर सरळ धोक्याचं आहे; खाच कोरताना आतल्या थरांवर उरलेलं रबरच काढून टाकलेलं असतं.

बजेट दोनच टायरांचं असेल तर नवे कुठे बसवायचे, यावर आपल्याकडे जवळजवळ एकमत आहे: पुढे. इंजिन पुढे, ओढणारी चाकं पुढे, स्टिअरिंग पुढे, म्हणून नवे टायर पुढे. हे तर्काला पटतं आणि तरीही चुकीचं आहे. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. चालकाला ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं, तो पाय उचलतो, वेग कमी होतो आणि बऱ्याचदा गाडी परत ताब्यात येते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडीची शेपूट फिरते. ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो, आणि घाबरून ब्रेक दाबला की गाडी आणखी फिरते. घाटातल्या ओल्या वळणावर ती सावरणं कसलेल्या चालकालाही जड जातं. म्हणून टायर कंपन्यांचा सल्ला एकच: नवी जोडी मागे, आणि जुन्यांतली चांगली जोडी पुढे. दुकानातला मेकॅनिक पुढेच बसवायला निघेल. त्याला आधीच स्पष्ट सांगून ठेवावं. आणि पुढच्या जोडीत तीन मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी उरली असेल, तर दोन टायरांवर भागवण्याचा विचारच सोडावा. कायद्याची १.६ मिलिमीटरची मर्यादा खाचांतल्या उंचवट्यांवरून कळते, पण तिथपर्यंत वाट बघणं म्हणजे वर सांगितलेले ते दहा मीटर स्वतःहून ओढवून घेणं. शंभर-दोनशे रुपयांचा खोलीमापक घरात असू द्यावा आणि मे महिन्याच्या शेवटी चारही टायर त्यानं मोजावेत.

हा सगळा युक्तिवाद टॅक्सीवाल्याला किंवा रोज दीडशे किलोमीटर जाणाऱ्या प्रतिनिधीला लागू नाही. त्याचे चाळीस हजार किलोमीटर वर्षभरात होतात, रबराला म्हातारं व्हायला वेळच मिळत नाही, आणि टिकाऊ टायरमधला प्रत्येक किलोमीटर तो खरोखर वापरतो. त्यानं किलोमीटरचा टायर जरूर घ्यावा. फक्त तीन मिलिमीटरची अट त्यालाही आहे, उलट जास्त कडक आहे, कारण पावसात रस्त्यावर सर्वांत जास्त वेळ तोच असतो.

टायर बसवताना व्हॉल्व्ह नवे घ्यावेत, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करावी. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर नवा टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेनं खाल्ला जातो आणि दोष टायरवर येतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवावी, कारण नव्या रबराचा वरचा थर निसरडा असतो. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब, टायर थंड असताना, महिन्यातून एकदा तपासला तर जास्त फायदा. आणि डिकीतली स्टेपनीही बाहेर काढून तिचे चार आकडे वाचावेत. कित्येक गाड्यांत ती गाडीसोबत आलेली, एकदाही न वापरलेली आणि दहा वर्षांची असते. असा टायर रात्री घाटात पंक्चर झाल्यावर जवळच्या दुकानापर्यंत हळूहळू जाण्यापुरता धरावा. खाचा नव्यासारख्या दिसतात म्हणून तो जुन्या जोडीच्या जागी कायमचा बसवू नये.